माथेरानपेक्षा उंचावरचे कुंड: गोड्या पाण्यातील एका बुडीचे प्रकरण

हे प्रकरण आमच्या मुंबईतील डायव्हिंग गटातील दोन सदस्यांचे आहे. गटाच्या सुरक्षा नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्याने आणि या प्रकरणात मी सल्लागारही असल्याने येथे लिहिलेल्या काही चुका माझ्याच आहेत. दोघांनीही हा मजकूर वाचून संमती दिली आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. कोणाला मोठी इजा झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण पाण्याखाली झालेल्या चुकीपेक्षा कोरड्या जमिनीवर, दादरच्या खोलीत चहा पिताना झालेली चूक मला अधिक बोचते.

पार्श्वभूमी

आमचा गट पंचवीस-तीस जणांचा आहे. सराव उपनगरातल्या एका तरणतलावात होतो आणि पावसाळा सरला की वर्षातून दोन-तीनदा मालवण-तारकर्लीला जाणे होते. या प्रकरणातील थोरले सदस्य मुलुंडचे, वय ५८, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा सख्खा भाचाही गटात असल्यामुळे सगळे जण त्यांना मामाच म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. मामांनी अंदमानात प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि त्यांच्या नोंदवहीत २२ बुड्या होत्या. भाचा ३१ वर्षांचा, गोरेगावचा. त्याच्या नोंदवहीत चाळीसच्या वर बुड्या होत्या आणि त्याने बचावाचा पुढचा अभ्यासक्रमही केला होता. दोघांच्या मिळून साठ-पासष्ट बुड्यांपैकी प्रत्येक बुडी समुद्रातली होती, आणि या एका गोष्टीचा अर्थ तेव्हा आमच्यापैकी कोणीच नीट लावला नाही.

मामांची मुलगी आणि जावई अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिम भागातील मिडलंड या तेलाच्या गावात राहतात. ऑक्टोबरात मामा तेथे जाणार होते, भाचाही कामानिमित्त त्याच सुमारास अमेरिकेत असणार होता. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर, पण दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर बालमोरिया येथे सॅन सॉलोमन झऱ्याचे कुंड आहे आणि त्यात स्कूबा डायव्हिंग करता येते, असे मुलीने कळवले. ऑगस्टच्या बैठकीत मामा हा बेत घेऊन आले.

दुसरा पर्याय न्यू मेक्सिकोतील सांता रोझा येथील ब्लू होलचा होता. तेही झऱ्याचेच कुंड, पण जवळजवळ २५ मीटर खोल, पाणी बारा महिने १६ अंशांच्या आसपास, जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, आणि तळाशी एका गुहेचे तोंड, जे १९७६ मध्ये दोन तरुणांचा आत मृत्यू झाल्यानंतर जाळीने बंद करण्यात आले. मिडलंडहून अंतरही दुपटीहून अधिक. मालवणच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाने गोड्या पाण्यातली पहिली बुडी तेथे मारू नये, हे आम्ही पाच मिनिटांत ठरवले. तो निर्णय आजही बरोबर वाटतो. मात्र अवघड जागा नाकारली म्हणजे उरलेली जागा सोपी, असा एक न बोललेला निष्कर्षही त्याच पाच मिनिटांत निघाला.

जागेचे स्वरूप

सॅन सॉलोमनचे कुंड म्हणजे वाळवंटी मुलखात फुटलेला जिवंत झरा. १९३० च्या दशकातील मंदीत बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेखाली या झऱ्याभोवती बांधकाम झाले आणि सुमारे सव्वा एकराचा तलाव तयार झाला. मध्यभागी गोलाकार खोल भाग, त्याला जोडून दोन लांबट हात, अशी त्याची रचना आहे. सर्वांत खोल ठिकाणी २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास पाणी असते. रोज दीड कोटी गॅलन, आपल्या हिशेबाने साडेपाच कोटी लिटरहून अधिक पाणी तळातून येते आणि कालव्यांवाटे पुढे शेतीकडे जाते. पाण्याचे तापमान वर्षभर २२ ते २४ अंश असते. पाणी सतत वाहते राहत असल्यामुळे त्यात क्लोरीन घालावे लागत नाही.

मध्यभागाचा तळ नैसर्गिक आहे. जेथे उमाळे फुटतात तेथे वाळू मंद आचेवरच्या खिरीसारखी हलत राहते, असे भाच्याने नंतर सांगितले. काठावर उभे राहिले तरी तळाचे दगड मोजता येतात. मालवणला चार-पाच मीटर दिसले तरी खूश होणाऱ्या डोळ्यांना हे पाणी फसवते, कारण तळ आहे त्यापेक्षा जवळ वाटतो आणि खोली कमी भासते.

येथे कोमांचे स्प्रिंग्ज पपफिश नावाचा बोटाएवढा मासा राहतो, जो नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. ज्या कोमांचे झऱ्यावरून त्याचे नाव पडले तो फोर्ट स्टॉकटनचा झरा शेतीसाठी पंपाने भूजल उपसल्यामुळे १९६० च्या सुमारास आटला. माहेरचे नाव तेवढे उरले, माहेर गेले. हा उल्लेख विषयांतर वाटेल, पण तळाशी गुडघे टेकणारा डायव्हर नेमका याच माशाच्या वस्तीवर टेकतो, म्हणून तो येथे हवा.

कुंडावर जीवरक्षक नसतो. डायव्हरकडून प्रमाणपत्राची मागणी होते आणि एकट्याने बुडी मारता येत नाही. त्याच पाण्यात पोहणारी मुले, काठावरून उड्या मारणारे तरुण आणि तरंगत्या गाद्यांवर पहुडलेली माणसेही असतात.

अडचण कोठे होती

कुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे, म्हणजे माथेरानपेक्षाही उंच. डायव्हिंगच्या शिकवणीत ३०० मीटरच्या वरचे पाणी हे उंचावरचे पाणी धरतात, कारण हवेचा दाब तेथे कमी असतो आणि किती खोल किती वेळ राहावे हे सांगणारे, समुद्रासाठी बनवलेले तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. मामा बुडीआधी आठवडाभर मिडलंडला, म्हणजे साधारण ८५० मीटरवर राहणार असल्यामुळे शरीर त्या दाबाला सरावलेले असणार होते. मामांचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे बुडीची खोली आणि वेळ यांचा हिशेब ठेवणारे यंत्र, उंची आपोआप ओळखणारा होता आणि भाच्याचा हाताने बदलावा लागणारा. हे सगळे आम्ही बैठकीत बोललो.

वजनाचेही बोललो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते, त्यामुळे त्यात माणूस कमी तरंगतो आणि खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे त्याला कमी लागते. मामांचे वजन आणि अंगावरचे सगळे सामान मिळून १०४ किलोच्या आसपास भरते, म्हणजे समुद्राच्या मानाने सुमारे अडीच किलो शिसे कमी घ्यायला हवे. उलट मालवणला ते तीन मिलिमीटरचा सूट (ऊब देणारा रबरी पोशाख, जो जाड तितका जास्त तरंगतो) घालतात आणि २३ अंशांच्या पाण्यासाठी पाच मिलिमीटरचा घ्यावा लागणार होता, ज्यासाठी अंदाजे दोन किलो शिसे वाढते. मालवणचे सहा किलो, अधिक दोन, उणे अडीच, म्हणजे साडेपाच. मी हे तोंडी सांगितले आणि मामांनी डायरीत लिहून घेतले.

पुढचे काहीच मी विचारले नाही. सहलीचा कार्यक्रम मामांनी त्याच बैठकीत मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला होता: शनिवारी सकाळी कुंड, दुपारी फोर्ट डेव्हिसला मुक्कामाच्या घरी, आणि रात्री मॅकडोनाल्ड वेधशाळेत स्टार पार्टी, म्हणजे दुर्बिणीतून तारे पाहण्याचा कार्यक्रम, ज्याची तिकिटे मुलीने दोन महिने आधी काढली होती. फोर्ट डेव्हिस साधारण १,४९० मीटरवर, महाबळेश्वरहून उंच, आणि वेधशाळेचा माउंट लॉक हा माथा २,०७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही चारशे मीटर वर. पाण्याच्या दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेरचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन इजा करू शकतो, म्हणून बुडी मारलेल्या माणसाने त्याच दिवशी विमानात बसू नये हे आमच्या गटातले शाळकरी मूलही सांगेल. मोटारीत बसून डोंगर चढणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने तेच, हे त्या खोलीतल्या अठरा माणसांपैकी एकालाही सुचले नाही. कोणी तरी विचारले ते एवढेच, की तेथे थंडी असेल का.

पहिली बुडी

सामान उद्यानाजवळच्या एका दुकानातून भाड्याने घेतले. दुकानात शिसे पौंडात मिळते. मामांनी डायरी उघडली आणि गल्ल्यावरच मनातल्या मनात हिशेब केला. डायरीचे ते पान मी नंतर पाहिले. वरच्या ओळीत ६ + २ = ८ असे लिहिलेले आहे, आणि उणे अडीचचा आकडा पानाच्या अगदी तळाशी, दुसऱ्या शाईत, एका विमा एजंटाच्या फोन नंबरच्या शेजारी आहे. त्यांनी आठ किलोचे पौंड केले आणि अठरा पौंड मागितले. भाच्याने विचारले होते, “मामा, गोड्या पाण्याचं वजा केलंत ना?” मामा म्हणाले, “केलं रे.” ते खोटे बोलत नव्हते. दादरच्या बैठकीत ती वजाबाकी झाली होती, आणि झालेली वजाबाकी पुन्हा कशाला करायची, असा त्यांचा समज होता. हवे होते बारा पौंड, कमरेला बांधले अठरा.

बुडी सव्वादहाला सुरू झाली. पाण्यात शिरण्याआधी बॉयन्सीची तपासणी, म्हणजे बीसीडी (हवा भरून किंवा सोडून तरंगणे कमी-जास्त करण्याचे जाकीट) रिकामी करून डोळ्यांच्या पातळीवर तरंगता येते का ते पाहणे, दोघांनीही केली नाही. भाच्याचे कारण असे की काठावर मुलांची गर्दी होती आणि पाणी इतके स्वच्छ होते की सगळे डोळ्यांसमोरच घडणार होते.

मामा दगडासारखे नव्हे, पण पोत्यासारखे खाली गेले. सात मीटरवर उमाळ्याच्या कडेला गुडघे टेकले, वाळूचा धुरळा उठला आणि क्षणभर काही दिसेना. आपण तळावर आहोत हे जाणवताच त्यांनी बीसीडीत हवा भरली. हलले नाहीत, म्हणून आणखी भरली. मग एकदम सुटले आणि वर निघाले.

उथळ पाण्यात हे अधिक सहज घडते, याचा हिशेब येथे द्यायला हवा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण एक बार धरला तर हजार मीटर उंचीवर तो सुमारे ०.९ बार असतो आणि सात मीटर गोड्या पाण्याचा आणखी ०.७, मिळून १.६. वर येईपर्यंत तो पुन्हा ०.९ वर येतो. म्हणजे तळाशी बीसीडीत भरलेली पाच लिटर हवा पृष्ठभागावर जवळजवळ नऊ लिटर होते, तीही काही सेकंदांत. जास्तीच्या शिशामुळे तळाशी जास्तीची हवा भरावी लागली, आणि तीच हवा फुगत जाऊन माणसाला बुचासारखी वर घेऊन गेली. ज्याला वजन जास्त झाले तोच वर उसळतो, हे ऐकायला विचित्र वाटते. आमच्या तरणतलावात ते शिकवूनही लक्षात राहत नाही, कारण तेथे सगळ्यांचे वजन ठरलेले आणि बरोबर असते.

मामा पृष्ठभागावर आले ते एका तरंगत्या गादीला डोके घासून. त्यांनी श्वास रोखला नव्हता, निदान त्यांना तसे आठवते. श्वास रोखून एक-दीड मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि येथे सात मीटरचे अंतर होते. भाचा मागोमाग सावकाश वर आला. मामांनी हाताने ठीक असल्याची खूण केली, दोघे काठाशी आले, भाच्याने पट्ट्यातले सहा पौंड शिसे काढून ठेवले. बुडी अकरा मिनिटांत संपली होती.

दुसऱ्या बुडीचा निर्णय

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथे झाला, आणि तो जवळजवळ न घेताच झाला. समोर दोन वाटा होत्या. एक, त्या दिवसाची डायव्हिंग तेथेच थांबवून मामांवर काही तास लक्ष ठेवणे. दुसरी, थोडी विश्रांती घेऊन दुरुस्त केलेल्या वजनाने पुन्हा उतरणे.

अनियंत्रितपणे वर आल्यावर त्या दिवशी पुन्हा उतरू नये, हा संकेत भाच्याला बचावाच्या अभ्यासक्रमामुळे माहीत होता. त्याने तो मामांना सांगितलाही, पण सांगण्याची रीत भाच्याची होती, जोडीदाराची नव्हती. पंचवीस वर्षे ज्यांच्यापुढे मान खाली घातली त्यांना “आज पुरे” असे म्हणणे त्याला जमले नाही, तो म्हणाला, “थोडा वेळ बघू या का?” मामांनी थोडा वेळ म्हणजे तास-दीड तास असा अर्थ घेतला. नात नुकतीच काठावर येऊन बसली होती, आणि आजोबा पाण्याखालून हात हलवणार हे तिला कबूल केलेले होते. दुपारी बाराला दोघे पुन्हा उतरले आणि ४८ मिनिटे पाण्यात राहिले. बुडी अतिशय चांगली झाली. मामा तळापासून हातभर वर, आडवे, स्थिर राहिले, आणि पपफिश त्यांच्या हातमोज्यांना टोचत होते.

बुडी चांगली झाली म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, हे मी दोघांनाही नंतर सांगितले. मामांना ते पटले. भाचा अजूनही म्हणतो की वजनाची दुरुस्ती झाल्यावर धोका उरला नव्हता. तो वजनाचे बोलतो, मी फुप्फुसाचे. आमचा हा वाद मिटलेला नाही.

मध्यरात्रीचा निरोप

तेथील दुपारचे दोन वाजले तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेबारा झाले होते. भाच्याचा निरोप आला, “बुड्या छान झाल्या, आता डोंगरावर निघतोय.” खाली रस्त्याच्या पाटीचा फोटो होता आणि त्यावर फोर्ट डेव्हिसचे अंतर. मी आधी अंगठा पाठवला. दिवा मालवून पाच-सात मिनिटे झाल्यावर ‘डोंगर’ हा शब्द डोक्यात अडकला. उठून नकाशा उघडला, उंची पाहिली आणि फोन केला. गाड्या नुकत्याच वाहनतळातून बाहेर पडत होत्या.

नियम असा आहे की एका दिवसात एकाहून अधिक बुड्या झाल्या असतील तर सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीच्या दाबात जाण्याआधी किमान अठरा तास थांबावे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची ही सूचना मुळात विमानप्रवासासाठी आहे, पण दाब कमी कशाने होतो याच्याशी शरीराला देणेघेणे नसते. दुसरी बुडी एकच्या थोडे आधी संपली होती, म्हणजे अठरा तास रविवारी सकाळी सातच्या सुमारास भरणार होते. तारादर्शन शनिवारी रात्री नऊच्या आसपास, म्हणजे आठच तासांनी.

फोनवर चार पर्याय पुढे आले. ठरल्याप्रमाणे फोर्ट डेव्हिस आणि वेधशाळा दोन्हीकडे जावे. वेधशाळा सोडून फोर्ट डेव्हिसच्या घरी मुक्काम करावा. मिडलंडला परत फिरावे. किंवा दोघा डायव्हरांनी कुंडाच्या उंचीवर अथवा त्याहून खाली कोठे तरी रात्र काढावी आणि बाकीच्यांनी तारे पाहावेत.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने मामांचा मुद्दा सरळ होता: बुडी सात मीटरची, तीही तासभराहून कमी, एवढ्याने काय होते. हा मुद्दा पोकळ नव्हता. कुंडाच्या तळाशी शरीरावर १.६ बार दाब होता आणि अगदी माथ्यावर तो ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे दाब निम्मा होणार. समुद्रात दहा मीटरवरून वर आल्यावरही दाब निम्माच होतो, आणि दहा मीटरवर तासभर राहून आपण सगळे वर येतो. शिवाय मध्ये आठ तासांची विश्रांती. आमच्या गटातील एका अभियंता सदस्याने नंतर हाच हिशेब फळ्यावर मांडून मी नको इतकी काळजी केली असे सिद्ध केले. आकड्यांपुरते त्याचे म्हणणे खरे आहे. धोका लहान होता.

तरी मी नको म्हणालो, त्याची कारणे तीन. सकाळी मामा अनियंत्रितपणे वर आले होते, हे त्याच फोनवर मला पहिल्यांदा कळले, आणि त्यानंतर हिशेब निव्वळ नायट्रोजनचा राहिला नव्हता. दुसरे, मामांचे वय ५८ आणि रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांचे संमतिपत्र होते, पण ते समुद्रातल्या नेहमीच्या डायव्हिंगसाठी घेतलेले. तिसरे कारण अधिक व्यावहारिक होते: रात्री अकरा वाजता डोंगरावर काही दुखू लागले तर ते कशामुळे हे तेथे कोण सांगणार, आणि अंधारात घाट उतरून जायचे कोठे, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

दुसरा पर्याय, फोर्ट डेव्हिसचा मुक्काम, मला अवघड गेला. अठरा तासांचा नियम समुद्रसपाटीवरून निघणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. येथे माणूस आधीच हजार मीटरवर होता आणि आणखी पाचशे मीटर चढणार होता. नियम या फटीत नीट बसत नव्हता. मी तोही नको म्हणालो, पण त्यासाठी माझ्याकडे गणित नव्हते, फक्त सावधपणा होता, हे मान्य करतो.

मामा चिडले. मला “अहो, तुम्ही मुंबईत पांघरुणात आहात, इथे नात रडतेय” असे म्हणाले, आणि ते खरे होते. निर्णय अखेर त्यांच्या मुलीने केला. तिने फोन हातात घेतला, एकच प्रश्न विचारला, “काका, तुमचे स्वतःचे बाबा असते तर?” आणि माझे उत्तर ऐकून गाडी वळवायला सांगितले. भाच्याने वेगळी गाडी भाड्याने घेतलेली होती, हे नशीब. जावई, मुलगी आणि नात वर गेली. कुंडाच्या आवारातली राहण्याची जागा भरलेली असल्यामुळे मामा-भाचे साठेक किलोमीटरवरच्या पेकोस गावात गेले, जे कुंडापेक्षा दोनशे मीटर खाली आहे.

निष्पत्ती

रात्री आठच्या सुमारास पेकोसच्या खोलीत मामांचा डावा खांदा दुखू लागला. भाच्याने बोटे, पकड, चालणे, तोल, बोलणे असे सगळे पडताळून पाहिले आणि डायव्हिंगच्या आपत्कालीन दूरध्वनीवर संपर्क साधला. तेथील डॉक्टरांनी दिवसभराचा क्रम विचारला, हात वर केल्यावर आणि दाबल्यावर दुखणे वाढते का ते पाहायला सांगितले. ते वाढत होते. बधिरपणा, अशक्तपणा, त्वचेवर चट्टे किंवा धाप यांपैकी काही नव्हते. लक्ष ठेवा, वर चढू नका, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालयात जा, असे सांगण्यात आले. मग आठवले की भरलेला सोळा-सतरा किलोचा सिलिंडर मामांनी वाहनतळापासून काठापर्यंत दोन वेळा डाव्या खांद्यावर वाहिला होता. दुखणे तिसऱ्या दिवशी गेले.

हेच दुखणे डोंगरावर सुरू झाले असते तर तेही बहुधा सिलिंडरचेच असते, पण ते तसे आहे असे कोणालाही खात्रीने म्हणता आले नसते. पेकोसमुळे मामा अधिक सुरक्षित झाले की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या रात्री नीट विचार करता आला, एवढे नक्की. नातीने शनीची कडी पाहिली आणि सकाळी आजोबांना त्यांचे चित्र काढून दिले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत सोपा उपाय ऑगस्टमध्येच हाताशी होता आणि त्याला एक पैसाही लागला नसता. वेधशाळेचा तारादर्शनाचा कार्यक्रम मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी असतो. शुक्रवारी आधी वर जाऊन तारे पाहायचे, शनिवारी खाली उतरून कुंडात बुडी मारायची आणि संध्याकाळी आणखी खाली मिडलंडला परतायचे, असा क्रम लावला असता तर मध्यरात्रीच्या फोनची वेळच आली नसती. त्याच जागा, तीच माणसे, फक्त क्रम उलटा. कार्यक्रम माझ्यासमोर वाचला गेला होता आणि मी शिशाचे गणित सोडवण्यात गुंग होतो.

शिशाच्या बाबतीत, माझे गणित बरोबर असूनही निरुपयोगी ठरले, कारण ते तीन टप्प्यांत तोंडी दिलेले होते आणि दुकानात एकक बदलले. मी एकच आकडा, दोन्ही एककांत, कागदावर लिहून द्यायला हवा होता; आणि त्याहूनही आधी हे सांगायला हवे होते की कागदावरचा आकडा ही केवळ सुरुवात, खरे वजन काठाशी छातीभर पाण्यात ठरते. तपासणीची ती दोन मिनिटे दिली असती तर अकरा मिनिटांत संपलेली पहिली बुडी पूर्ण झाली असती आणि उमाळ्याकाठची वाळूही जागेवर राहिली असती.

मामा-भाच्याच्या जोडीबद्दल लिहिताना संकोच वाटतो. घरातले नाते पाण्यात उतरताना काठावर ठेवता येत नाही. आम्ही आता अशा जोड्यांना पाण्यात उतरण्याआधी एकमेकांशी मोठ्याने ठरवायला लावतो की कोणत्या प्रसंगी बुडी थांबेल आणि थांबवण्याचा शब्द कोणाचा. पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा सासू-सून जोडीत सुनेने इतक्या उत्साहाने अटी सांगितल्या की बैठक हसण्यात बुडाली, पण अटी लिहून झाल्या.

प्रकरण गटापुढे मांडले त्या दिवशी कोल्हापूरचे एक सदस्य बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की गेली सहा वर्षे ते तारकर्लीला सकाळी दोन बुड्या मारतात, माशाचे जेवण करतात आणि दुपारीच गाडी काढून आंबोलीमार्गे घरी जातात. घाटमाथ्यावर थांबून चहा घेण्याची त्यांची प्रथा आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. टेक्सासमधल्या डोंगराबद्दल तासभर बोलणाऱ्या आम्हा मुंबईकरांना सह्याद्री आठवला नव्हता, कारण आमचा परतीचा रस्ता कोकणातून जातो.

सहलीच्या अर्जात त्यानंतर दोन रकाने वाढवले: शेवटच्या बुडीनंतरचे अठरा तास कोठे, आणि वाटेत घाट कोणता. डिसेंबरच्या मालवण सहलीसाठी कोल्हापूरकरांचा अर्ज आला, त्यात दुसऱ्या रकान्यात लिहिले होते, “आंबोली, सोमवारी सकाळी. चहा थर्मासमध्ये नेणार.”

मामा पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा मिडलंडला जाणार आहेत. डायरीच्या नव्या पानाचा फोटो त्यांनी मला गेल्या आठवड्यात पाठवला. शुक्रवार, तारे. शनिवार, कुंड. शनिवार रात्र, लेकीकडे. शिशाच्या पुढे त्यांनी आकडा लिहिलेलाच नाही. ‘काठावर ठरवणे’ असे लिहून त्याभोवती दोन वेळा गोल केला आहे.